आधी जोड तपासा

"मामा, गाडी पुन्हा झटके खातेय." गेल्या पावसाळ्यात हैदराबादहून भाच्याचा फोन आला.

माझी बहीण बिदरच्या कन्नड घरात दिलेली. तिचा मुलगा हैदराबादेत सीएनजीवरचा जुना छोटा मालट्रक चालवतो. पहाटे बोवेनपल्लीच्या मार्केटमधून भाजी उचलायची आणि दुकानांना पोचवायची. गाडी थांबली की भाजी सुकते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये त्याने एक इग्निशन कॉइल बदलून घेतली होती. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तोच आजार. आता तिथला मेकॅनिक चारही कॉइल बदला म्हणत होता. त्यात महिन्याचा हप्ताच गेला असता. बहिणीने मुलाला फोनवर एवढेच सांगितले, "गडबड माडब्याडप्पा."

मी कामानिमित्त हैदराबादला जाणारच होतो. सिकंदराबादचे राणीगंज मोटारीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका वयस्क मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. मी मराठी शिकवणारा माणूस. इंजिनातले मला काय कळणार? पण मिस्त्री काम करता करता समजावून सांगत होते.

मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनाला कॉइल लागतच नाही. तिथे हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. पेट्रोल आणि सीएनजीला मात्र ठिणगी हवी. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट; ठिणगीला हवेत हजारो व्होल्ट. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातला प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्यात प्रचंड दाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले हेच ते तत्त्व. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. त्यात सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो. म्हणून वायरीत जरा ढिलाई आली, की गाडी झटके खाते.

मिस्त्रींनी आधी यंत्र लावून पाहिले. दोष दुसऱ्या सिलिंडरचा निघाला. इंजिन बंद करून त्यांनी दुसरी आणि तिसरी कॉइल आपसांत बदलली. दोष कॉइलबरोबर तिसऱ्याकडे गेला असता, तर कॉइलच खराब. पण तो दुसऱ्यातच राहिला. मग स्पार्क प्लगची अदलाबदल झाली. तरी दोष जागचा हलेना. शेवटी त्यांनी कॉइलवरचा कनेक्टर काढून आम्हाला दाखवला. प्लास्टिकचे लॉक उष्णतेने तुटलेले, आत हिरवट गंज, एक पिन काळी पडलेली.

मिस्त्री हसून म्हणाले, "अच्छी कॉइल कायकू बदलते मियाँ? नक्को. कनेक्टरइच खराब है."

त्या दख्खनीतला 'नक्को' आपल्या 'नको'चाच, आणि तो 'इच' आपल्या 'च'चा सख्खा भाऊ. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा एकीकडे, बिदर-गुलबर्गा दुसरीकडे, तेलंगण तिसरीकडे. बोलीतला जोड मात्र तुटला नाही.

मग नवा कनेक्टर आणला. मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. जुनी वायर लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापली. अदलाबदल होऊ नये म्हणून एका वेळी एकच वायर जोडली. नुसती पिळून टेप गुंडाळली नाही, तर डाक दिला आणि वर उष्णतेने आवळणारी नळी बसवली. तासाभरात गाडी सुरू झाली आणि इंजिन एका सुरात चालू लागले. खर्च एका कॉइलच्या किमतीपेक्षाही कमी!

हे बिघडते कशाने, असे मी विचारले. इंजिन जोराच्या पाण्याने धुण्याने, उंदरांनी वायर कुरतडल्याने आणि कनेक्टर वायरीला धरून ओढण्याने, असे ते म्हणाले. झटके खाणारी गाडी तशीच चालवू नये, हेही त्यांनी बजावले; न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. आणि इंजिन चालू असताना कॉइलला हात लावू नये, झटका जबर बसतो.

कॉइल कधी खराब होतच नाही असे नाही. पण भाग बदलणे सोपे, दोष शोधणे कष्टाचे. आणि न शोधता बदललेल्या भागाचे पैसे गरीब गाडीवाल्याच्या खिशातून जातात. वाचकहो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर मेकॅनिकला एवढेच विचारा, "अदलाबदल करून पाहिलं का? कनेक्टर तपासला का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा भाजी भरायला गेला. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, गडबड करू नको म्हणून!"