भाड्याचे घर आणि सिबिलचा आकडा

वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांत राबणारे आपले कितीतरी बांधव भाड्याच्या खोलीत राहतात. आता काही एजन्सीवाले खोली दाखविण्याआधीच सिबिलचा आकडा विचारतात. हा आकडा ३०० ते ९०० असतो. मोटारसायकलचे हप्ते थकले की तो घसरतो आणि घर हातचे जाते.

बंधू-भगिनींनो, खचू नका. हा आकडा म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ भाडेकरूकडून तो मागत नाही. उलट कलम ५५ प्रमाणे लेखी, नोंदणीकृत करार करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

आपला अहवाल आधी स्वतः पाहा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल तर बेबाकी दाखला जोडून तक्रार करा. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

थकबाकी खरी असेल तर लपवू नका. पगाराची चिठ्ठी, जुन्या भाड्याच्या पावत्या पुढे ठेवा. जादा अनामत द्यावी लागली तर ती करारात लिहून घ्या.

एवढे करूनही आडनाव ऐकताच नकार आला, तर दुखणे आकड्याचे नाही, हे ओळखा. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना घर मिळाले नाही. तेव्हा सिबिल कुठे होते?