‘वाघ दिसला का?’

पाच रात्री जंगलाशेजारी तंबूत राहायला जाणार आहे, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘या वयात?’’ ह्यांनी विचारलं, ‘‘आणि वाघ आला म्हणजे?’’ मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, ‘‘वाघच पळेल.’’ माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. सहल नेणाऱ्या मुलीला तो मी फोनवर दबक्या आवाजात विचारला, ‘‘रात्री बाथरूमला जायचं झालं तर?’’ ती हसली. ‘‘काकू, सगळ्या बायका हेच विचारतात. वाघाचं कुणीच विचारत नाही!’’

नागपूरहून आधी पेंचला दोन रात्री आणि मग ताडोब्याला तीन, असा बेत होता. आम्ही आठजणी, वय वर्षं तीस ते अडुसष्ट. महिना मार्चचा. आपल्या मनातलं जंगल म्हणजे हिरवंगार, ओलं. हे तसं नव्हे. उष्ण प्रदेशातलं हे पानगळीचं जंगल. सागाची पानं झडून गेलेली, पायाखाली नुसता चुरचुरणारा पाचोळा, आणि मध्येच पेटल्यासारखा पळस. नागपूरकरांच्या नळाला पाणी देणारी पेंच नदी याच जंगलातून येते. ताडोबा तर १९५५ पासूनचं, आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान.

तंबू अर्थातच उद्यानाच्या आत नव्हते. ते बाहेरच्या पट्ट्यात, ज्याला बफर म्हणतात तिथे, गावाच्या शिवारालगत. पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितले गेले. खाण्याचं काही तंबूत ठेवायचं नाही. चेन कायम बंद. सकाळी बूट झटकूनच घालायचे, आत विंचू असू शकतो. अंधार पडल्यावर एकटीनं कुठेही जायचं नाही. संडासाच्या तंबूपर्यंतसुद्धा दोघी मिळून आणि टॉर्च घेऊन. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत शहरात न्यायचे, जंगलात काही पुरायचं नाही.

खरं सांगू? मला ते दिवस फार आवडले. पहाटे साडेचारला कुणीतरी माझ्या हातात चहा देत होतं. माझ्या! गेल्या तीस वर्षांत असं फक्त बाळंतपणात झालं होतं. मोबाइल गेटवर जमा केल्यामुळे ‘डाळीचा डबा कुठे आहे’ हा फोनही नाही. रात्री रातव्याचा आवाज ऐकत पडायचं, आणि दूर चितळ ओरडलं की आठही तंबूंत एकदम शांतता. पोटात गोळा यायचा, पण हवाहवासा.

ताडोब्यात दुसऱ्या दिवशी वाघीण दिसली. रस्ता ओलांडून ती शांतपणे गेली. आजूबाजूच्या जिप्सींमधून कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट. आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची गाइड गावातलीच, तिशीतली मुलगी. खाकी शर्ट, घट्ट वेणी. ताडोब्यात आता बायका गाइड आहेत, जिप्सी चालवणाऱ्याही आहेत. आम्ही हरखून एकमेकींना टाळ्या देत होतो आणि ती मात्र वाघीण गेली त्या बाजूला एकटक बघत होती. मी विचारलं, ‘‘काय झालं गं?’’ म्हणाली, ‘‘काही नाही जी. ते आमच्या मोहाकडं गेली.’’

संध्याकाळी चहाला ती तळावर आली, तेव्हा मी तो धागा पुन्हा धरला. मग ती बोलली. मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचायची, नाहीतर गुरं नि हरणं खाऊन जातात. म्हणून बाया झुंजूमुंजू व्हायच्या आधीच निघतात. ती वेळ वाघाची, आणि मोहफुलांवर अस्वलाचाही जीव. शिवाय फुलं वेचायची म्हणजे तासन्‌तास खाली वाकून. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. ‘‘मायसंगं जात होती मी लहानपनी. माय वेचत जाये नि मी पाठीला पाठ लावून उभी राहू. वाघ दिसला का, हे पाहाले.’’

वाघ दिसला का! हाच प्रश्न आम्ही दिवसभर, पैसे मोजून, एकमेकींना विचारत होतो.

मोहानंतर तेंदूपानांचा हंगाम. मे २०२५ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या आत, वाघांच्या गणतीसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक अशीच गेली. वाघ वाचवायला निघालेली बाई! वाघांचा आकडा वाढला की आपण पेपरात वाचून खूश होतो. व्हायलाच हवं. पण त्या वाढीचा हप्ता कोण भरतंय, हेही बघायला नको का?

कुणी म्हणेल, मग त्या जातात कशाला? सोपं आहे बोलणं. मोह आणि तेंदू हे उन्हाळ्यात हातात पडणारे रोख पैसे. २००६च्या वनहक्क कायद्यानं त्यांना या वनोपजावर हक्कही दिला आहे. सरपणासाठी जावं लागू नये म्हणून सरकारी योजनेतून गॅस आला, पण आमच्या गाइडच्या शब्दांत सांगायचं तर ‘‘टाकी भराले पैसा नसला का मंग पुन्हा मोळीच.’’ आणि माझा तो दबक्या आवाजातला प्रश्न? आमचा संडासाचा तंबू बघून ती म्हणाली, ‘‘तुमाले दोन रात्रीसाठी एवढी सोय लागली. आमच्या इकडं अजून कितीक बाया पहाटे लोटा घेऊनच जातात जी.’’ मला काय बोलावं सुचेना. टॉर्च धरायला एक सोबतीण असली तरी माझी छाती धडधडत होती.

म्हणून जंगलात जाऊ नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट जाच. बाईनं घराबाहेर, उघड्या आभाळाखाली चार रात्री झोपून बघायलाच हवं. ‘या वयात’ म्हणणाऱ्यांना तर हटकून दाखवावं. शिवाय आपण जातो म्हणून त्या मुलीला खाकी शर्ट मिळाला आहे. तिची आई आता मोहाला जात नाही, कारण लेकीच्या पगारावर घर चालतं. हे थोडं नाही.

पण मैत्रिणींनो, बुकिंग करताना ‘वाघ नक्की दिसेल ना?’ याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारूया. गाइड गावातली बाई मिळेल का? तळावर स्वयंपाक करणाऱ्या, तंबू सांभाळणाऱ्या बायका त्याच गावच्या आहेत का? आणि आमच्या पैशातलं गावात किती राहतं? गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदाराला उत्तर शोधावंच लागतं, हे आपल्याला भाजीबाजारानं शिकवलंय.

घरी परतले तर दारातच ह्यांनी विचारलं, ‘‘वाघ दिसला का?’’ बॅगेतून मी वाळलेल्या मोहफुलांची पुडी काढून ओट्यावर ठेवली. गाइडच्या आईनं दिलेली, जुन्या साठ्यातली. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘हे काय गं?’’

‘‘बसा,’’ म्हटलं, ‘‘सांगते.’’ आणि त्या दिवशीचा चहा ह्यांनी केला.