वहिनीसाहेबांचा फोटो

फेसबुकवर आमच्या वॉर्डाची नगरसेविका बघा. डोक्यावर पदर, हात जोडलेले, काळा चेहरा घासून गोरा केलेला. शेजारी नवरा, तिच्याहून मोठा. खाली आम्हीच पोरं लिहितो, 'वहिनीसाहेब'. थू आमच्यावर!

मुंबईच्या २२७ वॉर्डांतले ११४ बायांचे. २०११ च्या कायद्यानं निम्म्या खुर्च्या दिल्या, मोबाइल मात्र नवऱ्याच्या पंटरांकडं.

१९२७ ला महाडात बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, जात दाखवणारं नेसू नका, ते जडशीळ दागिने फेका. बायांनी नेसण बदललं. ती नटणी नव्हती, बंड होतं.

ताई, तुंबल्या गटारावर पदर खोचून साहेबाला झापताना मी तुम्हाला पाह्यलंय. तोच फोटो टाका. काळाच टाका. नवरा कापून टाका, फोटोतनं.