नाटकात व्हिडिओ? मी काढला, म्हणून सांगते

परवा बऱ्याच महिन्यांनी नाटकाला गेले होते. नाटकाचं आणि नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत चूक माझी आहे.

तिसऱ्या घंटेच्या आधी नेहमीची सूचना झाली. मोबाईल बंद ठेवा, छायाचित्रण करू नका वगैरे. मी फोन सायलेंट करून पर्समध्ये टाकला. सगळी नोकरी मुलांना "पुस्तकं मिटा, इकडे लक्ष द्या" म्हणण्यात गेली, त्यामुळे सूचना पाळणं अंगात मुरलंय अशी माझी समजूत होती!

दुसऱ्या अंकात दोघी बहिणींचा एक प्रवेश आला. धाकटी सासरहून आलीय, थोरली तिची वेणी घालतेय आणि बोलता बोलता जुनं भांडण वर येतं. मला एकदम आमची ताई आठवली. ताई सांगलीला असते. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत तिनं घराचा जिना उतरलेला नाही. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्या गावची ही नाटकवेडी बाई आता नाटकाची फक्त जाहिरात वाचते. वाटलं, तिला एवढं दाखवावं. काढला फोन आणि केलं चालू.

जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "आजी, तुमचा स्क्रीन डोळ्यांवर येतोय." त्याच वेळी दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला, म्हणजे आणखी उजेड. आणि थोरलीचं काम करणाऱ्या नटीची नजर क्षणभर आमच्या रांगेकडे वळली. तिनं वाक्य नीट पुरं केलं, पण वेणी घालणारा हात थांबला होता. मध्यंतर होऊन गेलेलं, नाहीतर उठून घरीच गेले असते.

आपल्याला वाटतं, एवढ्याशा पडद्याचा काय तो उजेड! पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तोही पुष्कळ होतो. प्रवेश बदलताना ब्लॅकआऊट होतो तेव्हा नट अंधारात, जमिनीवरच्या खुणांच्या अंदाजानं जागा घेतात. त्या वेळी समोर चौकोन पेटला तर काय होत असेल? फ्लॅशची तर गंमतच आहे. तो चार-पाच मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. पंधराव्या रांगेतून फ्लॅश मारला तर फोटोत छान उजळतात ती पुढच्यांची टकलं.

हे दुखणं आपल्याकडचंच नाही. २०१५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये 'हॅम्लेट' करणाऱ्या बेनेडिक्ट कंबरबॅचनं प्रयोगानंतर बाहेर येऊन चाहत्यांना विनवलं की चित्रण करू नका, मला रंगमंचावरून ते दिसतं. (त्याची ही विनंती जगभर पोचली ती चाहत्यांच्या मोबाईलवरूनच!) आपल्याकडे २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी प्रेक्षकांच्या मोबाईलला कंटाळून, यापुढे नाटकात काम न करणं हाच उपाय, असं लिहिलं होतं. त्याच वर्षी मुंबईत नाट्यगृहांत जॅमर बसवा अशी मागणी झाली. मला ती पटली नाही. जॅमरनं फोन वाजायचा थांबेल, कॅमेरा कसा थांबणार? आणि प्रेक्षकांत एखादी डॉक्टरीण असली, तर तिला निरोप कसा पोचणार?

कायदा कलाकाराच्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलाकाराला स्वतःच्या प्रयोगावर हक्क मिळाला. काही अपवाद सोडले, तर त्याच्या संमतीशिवाय चित्रण करता येत नाही. पण कायद्याचं राहू द्या. मी वर्गात शिकवत असताना मागच्या बाकावरून कोणी मला न विचारता माझं चित्रण केलं असतं, तर मी काय केलं असतं ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

मात्र नुसतं "करू नका" म्हणून भागणार नाही असंही वाटतं. हौस असते, आठवण हवी असते. काही नाटकांच्या शेवटी कलाकार स्वतःच प्रेक्षकांबरोबर सेल्फी काढतात, ते मला आवडतं. पडदा पडल्यावर पाच मिनिटं द्या आणि तसं आधीच्या सूचनेतच सांगा. मधे फोन काढायचा मोह पुष्कळ कमी होईल. आणि ताईसारख्यांचं काय? लंडनच्या नॅशनल थिएटरनं २००९ पासून आपले प्रयोग रीतसर कॅमेरे लावून चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. आपल्या निर्मात्यांनी चांगल्या नाटकाचा निदान एक प्रयोग असा नीट चित्रित करावा आणि घरी बसून बघायला द्यावा, तिकीट लावून. ताई आनंदानं पैसे भरेल. प्रेक्षक नाट्यगृहात येणार नाहीत ही भीती मला खरी वाटत नाही. ताई तशीही येणार नाहीये.

असो. तर तो व्हिडिओ मी ताईला पाठवला. रात्री तिचा फोन.

"अगं, या दोन मुंग्या कोण आहेत? आणि आवाज तर खोकल्याचाच येतोय."

मग मी तिला सगळं नाटक तोंडी सांगितलं, पाऊण तास. मधे मधे तिचे प्रश्न, नेपथ्य कसं होतं, धाकटी रडली का. वेणीच्या प्रवेशाशी आलो तेव्हा तिनं विचारलं, "थोरलीचा चेहरा कसा झाला गं तेव्हा?"

मला सांगता येईना. त्या वेळी मी फोन सरळ धरलाय की नाही ते बघत होते.