चिमूटभर मीठ मागा

सोसायटीच्या आवारात टेबल मांडलेलं असतं आणि त्यावर काचेचे दोन पेले. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात विक्रेत्याच्या आरओ जलशुद्धी यंत्रातलं. दोन्हींत लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या सोडून प्लग लावला, की थोड्याच वेळात नळाचं पाणी हिरवट, मग तांबूस-काळपट होतं आणि वर फेसाळ गाळ जमतो. आरओचं पाणी मात्र नितळच. ‘काकू, हे पिता तुम्ही रोज!’ एवढं म्हटलं की निम्मा सौदा झालाच.

प्रयोग खरा आहे. लबाडी आहे ती त्याचा अर्थ सांगण्यात.

तारेतून वीज नेतात इलेक्ट्रॉन. पाण्यात ते काम आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू किंवा अणुगट, करतात. मीठ विरघळलं की सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन सुटे होतात, आणि कांड्यांना वीज जोडली की धन आयन ऋणाग्राकडे (ऋण टोकाच्या कांडीकडे), ऋण आयन धनाग्राकडे (धन टोकाच्या कांडीकडे) सरकू लागतात. साखरही विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत, म्हणून ती वीज नेत नाही. आयनांची चाल तर गमतीची आहे. दर सेंटिमीटरला एक व्होल्ट असेल, तर सोडियमचा आयन तासाभरात जेमतेम दोन सेंटिमीटर जातो. तरीही प्रवाह लगेच सुरू होतो, कारण पेल्यातले सगळे आयन एकाच वेळी हलतात.

नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट वगैरेंचे आयन भरपूर असतात. आरओने ते बहुतेक काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे प्रवाह नगण्य. प्रवाह वाहिला की धनाग्राच्या लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन बनतात आणि पाण्यात उतरतात. ऋणाग्रापाशी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. दोघं भेटले की लोखंडाचं हिरवट हायड्रॉक्साइड, आणि हवेतला ऑक्सिजन लागला की गंजाचा रंग. तो गाळ तुमच्या पाण्यातला नव्हेच, विक्रेत्याच्या कांडीतला आहे!

आयन हे नाव मायकेल फॅरडेने 1834मध्ये रूढ केलं. पण वीज वाहू लागली की मगच पदार्थ फुटून आयन होतात, असं त्या काळी मानत. स्वान्ते अऱ्हेनियस या तरुण स्वीडिश संशोधकाने 1884च्या प्रबंधातून वेगळी वाट धरली आणि पुढे ठामपणे मांडलं, की द्रावणात आयन आधीपासूनच सुटे असतात. उप्साला विद्यापीठाच्या परीक्षकांनी त्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. 1903मध्ये त्याच कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. परीक्षकांची तोंडं पाहण्यासारखी झाली असतील. आपल्या टेबलावरही तेच: दोन पेल्यांतला फरक प्लग लावण्याआधीच ठरलेला असतो.

म्हणून विक्रेत्याला एकच विनंती करा. प्लग काढून आरओच्या पेल्यात स्वयंपाकघरातलं मीठ चिमूटभर टाका, ढवळा आणि प्रयोग पुन्हा दाखवा. ते ‘शुद्ध’ पाणीही गढूळ होईल. (घरच्या विजेवर हा उद्योग स्वतः करू नका.)

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, दाखवणाऱ्या मीटरचंही असंच. तो पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. भारतीय मानकानुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, दुसरा स्रोत नसेल तर 2000पर्यंत. पण आयन कोणते, हे मीटरला कळत नाही. जंतू तर त्याच्या गावीही नसतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याची मर्यादा आहे लिटरला दीड मिलिग्रॅम. तीन मिलिग्रॅम असेल तर दात आणि हाडं धोक्यात येतात, पण मीटरच्या तीनशेच्या आकड्यात ते तीन कुठे दिसणार? तिथे आरओ हवाच. धरणाचं गोडं, शुद्ध केलेलं पाणी येणाऱ्या घराने मात्र, पेलाभर पाण्यासाठी त्याहून जास्त मोरीत सोडणारं यंत्र कशाला घ्यावं?

शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू, तिन्हींची तपासणी मागा. त्या कागदावर एकच आकडा नसतो, कोणता आयन किती ते लिहिलेलं असतं, आणि यंत्र घ्यायचं की नाही ते त्यावरून ठरतं.