मालगुंडला निघालात? फिल्टर चालूच ठेवा!

लाँग वीकएंड, बॅगा पॅक, गणपतीपुळ्याची रूम बुक! शेजारच्या मालगुंडला, म्हणजे १८६६ साली केशवसुत जिथे जन्मले त्या गावात, त्यांचं स्मारक बघायचं, मग नुसतं समुद्रावर लोळायचं. सगळं ठरलं. पण घरच्या टँकमधल्या गप्पींचं काय? बरेच जण निघताना फिल्टरच बंद करतात. इवलीशी पिल्लं त्याच्या नळीत ओढली जातील ही धास्ती!

धास्ती खरी, पण उपाय चुकीचा. मासे पाण्यात जो विषारी अमोनिया सोडतात, तो फिल्टरमध्ये वाढलेले बॅक्टेरिया संपवतात. पाणी फिरायचं थांबलं की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि काही तासांतच ते मरू लागतात. तुम्ही तीन दिवसांनी फ्रेश होऊन परताल, मासे मात्र...

त्यापेक्षा पाणी ओढणाऱ्या तोंडावर अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातला स्पंज चढवा. भांडी घासायचा नको हं! निघायच्या चार दिवस आधीच बसवा, म्हणजे पाण्याचा जोर कमी होतोय का ते कळेल. आठवड्यातून एकदा टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन बॅक्टेरियांना मारतं.

आणि एखादा मोठा मासा नळीला चिकटलेला दिसला, तर फिल्टरला शिव्या देऊ नका. धडधाकट मासा सहसा पोहून निसटतो. चिकटला म्हणजे बहुधा तो आधीच आजारी आहे. अशा वेळी पहिलं पाणी तपासा. मालगुंड काय, पुढच्या वीकएंडलाही तिथेच असेल!