दोर जिथं संपतो तिथं

पेठ तालुक्यात पाऊस लागला की दमणगंगा आणि तिला मिळणारे ओहळ वाड्या-पाड्यांची वाट अडवतात. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या घळीवर टाकलेल्या बल्लीवरून हंडे घेऊन चालतात, हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. जानेवारी २०२२ मध्ये तिथं लोखंडी साकव बसला. त्याच वर्षीच्या जुलैतल्या पुरानं तो टिकू दिला नाही. घळ खोल आणि पाणी एकाएकी चढणारं असेल, तिथं पुराच्या पातळीहून उंच टांगलेला झुलता पूल हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. कर्नाटकात सुळ्याच्या गिरीश भारद्वाज यांनी असे शंभरावर पादचारी पूल उभे केले. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली. पेठकरांनीही असे पूल मागावेत. पण मागताना एक अट घालावी: दोर जिथं संपतो, तिथली पकड कोणती आणि ती कोण तपासणार, हे अंदाजपत्रकात लिहिलेलं हवं.

एवढा आग्रह टोकाचाच का? वायर रोपची ताकद टोकाच्या जोडावर ठरते. दोर वळवून यू-क्लॅम्पनं आवळला, तर नीट बसवूनही त्याची साधारण ८० टक्केच ताकद हाती लागते. वितळलेलं जस्त ओतून बसवलेल्या सॉकेटमध्ये ती जवळपास पूर्ण मिळते. त्यातही क्लॅम्पचा यू दोराच्या मोकळ्या शेपटावर आणि बूड भार पेलणाऱ्या बाजूवर यायला हवं. उलटं बसवलं तर यू भाराचाच दोर चेपतो. शिवाय पहिला भार आल्यावर दोर किंचित बारीक होतो, म्हणून नट पुन्हा आवळावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लिस्बनच्या ग्लोरिया फ्युनिक्युलरचा दोर सुटला आणि १६ माणसं गेली. प्राथमिक चौकशीनुसार तो डब्याला जोडलेल्या जागीच तुटला होता, आणि ती जागा सुटे भाग केल्याशिवाय दिसत नव्हती.

पेठेच्या पावसात ही झाकलेली जागाच घातकी ठरते. पाणी दोरावरून ओघळत खाली येतं आणि खालच्या टोकावर पकड म्हणून दाबून बसवलेल्या, तोंड वर असलेल्या बंद नळीत वाटीसारखं साचतं. स्टेनलेस स्टीलला गंज न लागण्याचं कारण त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. तो शाबूत राहायला हवेतला प्राणवायू लागतो. साचलेल्या पाण्याखाली, फटीत, तो मिळत नाही आणि चकचकीत नळीच्या आत दोर कुरतडला जातो. तोंडाशी चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ किंवा तुटून उभी राहिलेली एक तार दिसली, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. म्हणून नुसतं 'स्टेनलेस' लिहून भागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाऱ्या वाऱ्याला मॉलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं स्टेनलेस हवं. पेठेत कठड्याच्या तारांना ३०४ पुरेल आणि मुख्य दोराला चांगलं जस्तलेपनही चालेल. मात्र स्टेनलेस दोरावर जस्ती क्लॅम्प चढवला, तर ओलाव्यात जस्त आधी झिजतं आणि मागून क्लॅम्पचं लोखंड गंजतं.

खर्च वाढेल, ही हरकत खरी आहे. पण इथं वाढीव खर्च अख्ख्या पुलाचा नाही, मोजक्या जोडांचा आहे. दुसरी हरकत अधिक वजनदार: इतक्या आडबाजूला तपासायला येणार कोण? याच प्रश्नामुळे मी अशा जोडांच्या बाजूचा आहे, जे पाड्यावरच्या माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसतील, ज्यांत पाणी थांबणार नाही आणि ज्यांचे नट पान्यानं आवळता येतील. ताकद थोडी कमी म्हणून दोर जाड घेता येतो. बंद नळीच्या आतला गंज मात्र कुणालाच दिसत नाही. तिसरी हरकत मोरबीची. ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथला झुलता पूल कोसळून १३५ जण मेले, मग हा प्रकार इथं कशाला? तिथल्या चौकशीत मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या निघाल्या. दुरुस्तीत चालायच्या फळ्या नव्या बसवल्या, दोर जुनाच राहिला. झुलता पूल वाईट असतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पायाखालचं बदललं आणि पेलणारं तपासलंच नाही, एवढं दिसतं. पेठच्या प्रत्येक नव्या साकवाच्या कागदात म्हणूनच जोडाचा प्रकार, धातूची प्रत, आणि मे महिन्यात व पाऊस उघडल्यावर पान्यासह येणाऱ्या माणसाचं पदनाम असावं. ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी.